श्रीलंका स्वतः आखून फिरताना: मार्ग, गाड्या, तिकिटं आणि दोन पावसाळे

पायवाट

श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या भागाहून थोडंसं जास्त. नकाशावर आकार बघून लोक सात दिवसांत सगळं बेट आखतात, आणि मग निम्मी सहल गाडीच्या काचेतून होते. तिथला द्रुतगती मार्ग सोडला तर रस्ते दुपदरी, वळणांचे आणि वस्तीतून जाणारे आहेत. ताशी ३५ ते ४० किमी धरा, डोंगरात ३० च. कँडी ते नुवारा एलिया ७७ किमी दिसतं, पण अडीच-तीन तास लागतात. हा हिशेब आधी मान्य केला की बाकीचं आखणं सोपं जातं.

दहा रात्री असतील तर माझ्या मते अशी वाटणी करावी:

नेगोंबो १, सिगिरिया परिसर ३, कँडी २, हापुतले किंवा एल्ला २, गाल २.

यात जाफना नाही, त्रिंकोमाली नाही, 'याला' नावाचं अभयारण्यही नाही. ते मुद्दाम वगळलंय. दहा रात्रींत ते घुसवलं की सिगिरियाच्या एका दिवसावर गदा येते, आणि इतक्या दूर जाऊन नेमका तोच दिवस कापणं मला पटत नाही.

पहिली रात्र नेगोंबोत, कारण विमानतळ कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे. नेगोंबो तिथून अगदी जवळ. दुपारच्या आत उतरलात तर नेगोंबो सोडून थेट दंबुल्ला-सिगिरिया गाठा, चारेक तास लागतात. संध्याकाळी उतरून रात्री तो रस्ता धरू नका. पुढच्या टप्प्यात अंधारात दिवे नसलेल्या सायकली आणि कुठेकुठे हत्तीही रस्त्यावर येतात.

सिगिरिया परिसरात एकच मुक्काम ठेवा. सिगिरिया, दंबुल्ला, हबरणा या तिन्हींपैकी कुठेही राहिलात तरी चालतं. तिथून पोलोन्नरुव साधारण ६० किमी आणि अनुराधपूर ६५-७० किमी, दोन्ही वेगवेगळ्या दिशांना. दोन दिवस या दोन प्राचीन राजधान्यांना द्या आणि एक सकाळ सिगिरियाला.

सिगिरिया म्हणजे उभ्या खडकावरचा प्राचीन किल्ला, तो चढायला सकाळीच जा. चढ खडकाच्या पश्चिम कड्याने आहे, त्यामुळे सकाळी सावली असते. दुपारनंतर ऊन थेट कड्यावर येतं आणि लोखंडी जिने तापतात. पायऱ्या सुमारे १२००. माणशी एक लिटर पाणी खालूनच घ्या. भित्तिचित्रांच्या कपारीत फोटो काढायला बंदी आहे. सिंहाच्या पंजांपाशी शांत राहण्याच्या पाट्या दिसतील, त्या शोभेच्या नाहीत: वर कड्याला मोठी पोळी असतात आणि माश्या उठल्या तर चढाई बंद करतात. अंगावर भडक अत्तर नको.

तिकिटाचं महत्त्वाचं: सांस्कृतिक स्थळांवर परदेशी नागरिकांचा दर डॉलरमध्ये असतो, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा वेगळा दर आहे. तो आपोआप मिळत नाही. खिडकीवर 'सार्क' म्हणून सांगायचं आणि मूळ पासपोर्ट दाखवायचा. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहिला की पूर्ण दर भरावा लागतो. मोबाईलमधल्या फोटोवर काम होईलच असं नाही.

दंबुल्लाची लेणी कँडीला जाताना वाटेतच करा, त्यासाठी वेगळा दिवस नको. पाच गुंफा आहेत, दीडशेच्या वर बुद्धमूर्ती आणि सुमारे २१०० चौरस मीटर चित्रित पृष्ठभाग. वर चढण्याआधी तिकीट कुठे मिळतं ते विचारून घ्या, नाहीतर वर जाऊन परत खाली यावं लागतं. त्याच रस्त्यावर पुढे नालंदा गेडिगे आणि मातलेजवळ अलुविहार आहे. पाली त्रिपिटक पहिल्यांदा लेखी रूपात उतरवलं गेलं ते अलुविहारात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. दोन्हीकडे गर्दी नसते. मातलेच्या रस्त्यावर 'मसाल्यांची बाग' दाखवायला गाड्या वळतात, तिथे फुकट फेरी असते आणि शेवटी महागडी तेलं असतात. नको असेल तर गाडीत बसतानाच सांगून ठेवा.

कँडीत दळदा मालिगाव, म्हणजे दंतधातूचं मंदिर. पूजा दिवसातून तीनदा: पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ, संध्याकाळी साडेसहा. दात दिसत नाही, तो ज्या सोन्याच्या करंडकात आहे तो दिसतो, तोही रांगेतून काही क्षणच. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, हा नियम देशभर सगळ्या देवळांना लागू.

पुढच्या टप्प्यावर, म्हणजे डोंगरातल्या रेल्वेवर, जाणकारांनी लिहावं.

इंजिनघर

पायवाट, वाटणी उत्तम. रेल्वेचं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

कोलंबो ते बदुल्ला हा मुख्य मार्ग सुमारे २९० किमीचा, आपल्यासारखाच ब्रॉडगेज. पट्टीपोल हे त्यावरचं सर्वांत उंच स्थानक, १८९८ मीटरच्या आसपास. ब्रॉडगेज रूळ इतक्या उंचीवर आणि इतक्या वळणांतून नेले असल्यामुळेच गाडीचा वेग इतका कमी आहे. कँडी ते एल्ला सहा-सात तास धरा, आणि उशीर होणारच असं समजून पुढचं काही बांधून ठेवू नका.

आधी एक इशारा. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या दित्वा चक्रीवादळाने डोंगरी मार्गाचं मोठं नुकसान केलं. त्यामुळे तिकिटाच्या मागे लागण्याआधी तुमच्या तारखांना नेमका कोणता टप्पा चालू आहे ते श्रीलंका रेल्वेकडून पक्कं करा. एरवीही जोराच्या पावसात दरडी येतात आणि गाडी मध्येच थांबवतात, म्हणून रेल्वेच्या दिवसाला नेहमी रस्त्याचा पर्याय ठेवावा.

आरक्षण: श्रीलंका रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर ३० दिवस आधी उघडतं. कँडी-एल्लाच्या जागा काही मिनिटांत संपतात. तारीख आधीच मोजून ठेवा, सगळ्यांचे पासपोर्ट क्रमांक एका कागदावर लिहून जवळ ठेवा, कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या. बँकेचा ओटीपी उशिरा आला आणि जागा गेली, हे नेहमीचं.

वर्ग: पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात खिडक्या उघडत नाहीत. बाहेरचं बघायला आणि फोटोसाठी दुसरा वर्ग आरक्षित सगळ्यात चांगला. तिसरा आरक्षितही वाईट नाही, फक्त बाकं कडक.

आरक्षण नाही मिळालं तर? दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची अनारक्षित तिकिटं त्याच दिवशी खिडकीवर मिळतात, आणि त्यांना संख्येची मर्यादा नाही. म्हणून तिकीट मिळतं, जागा मिळत नाही. कँडीहून चढलात तर सहा तास उभे राहाल. त्यापेक्षा कँडी ते नुवारा एलिया रस्त्याने जा आणि फक्त नानु ओया ते हापुतले किंवा एल्ला एवढाच टप्पा रेल्वेने करा. तो अडीच-तीन तासांचा आहे, आणि उंचीवरचा सर्वांत देखणा भागही तोच. इदलगशिन्नाच्या आसपास रूळ अगदी धारेवरून जातात, दोन्ही बाजूंना दरी. तिथे डावी खिडकी की उजवी हा वाद उरत नाही.

लक्षात ठेवा, नुवारा एलिया नावाचं चालू स्थानक नाही. उतरायचं नानु ओयाला, तिथून गाव आठेक किमी, रिक्षा किंवा बस. आणि काही गाड्या कँडी स्थानकात येतच नाहीत, पेरादेनियाहून परस्पर डोंगराकडे वळतात. तिकिटावर चढण्याचं स्थानक नीट वाचा.

दारात लटकून फोटो काढू नका. बोगदे आणि कातळ डब्यापासून हातभरावर आहेत. परदेशी पर्यटक यात मेले आहेत.

मृगजळ_७

@इंजिनघर, मोठ्या बॅगा कुठे ठेवायच्या? आणि एल्लाऐवजी हापुतले का सुचवलंय वर?

इंजिनघर

अनारक्षित डब्यात मोठी बॅग म्हणजे शिक्षा. गाडी-चालक ठरवला असेल तर सामान गाडीतून पुढच्या स्थानकावर पाठवा आणि तुम्ही फक्त पाठीवरच्या पिशवीने रेल्वेत बसा. चालकांना हे अंगवळणी आहे, फक्त ठरवतानाच सांगायचं. पासपोर्ट, पैसे आणि औषधं मात्र अंगावरच.

पायवाट

हापुतले यासाठी की एल्ला आता मुख्यतः कॅफे आणि होमस्टेंचं गाव झालंय. नऊ कमानींचा पूल (१९२१ चा) आणि लिटल ॲडम्स पीक एका सकाळी होतात. हापुतलेला शांतता आहे, आणि दंबतेन्नच्या चहामळ्यांतून वर लिप्टन्स सीटला जाता येतं. तिथे सूर्योदयाला पोचायचं, नऊनंतर ढग खालून वर येतात आणि सगळं झाकतात. रिक्षाने वर जा आणि मळ्यांतून चालत उतरा. रविवारी चहाच्या कारखान्यात काम बहुतेक बंद असतं, पानं वळण्या-सुकवण्याची यंत्रं चालू बघायची असतील तर इतर दिवशी जा.

चहा इथे आला कसा तेही जाता जाता: आधी हे सगळे डोंगर कॉफीचे होते. तांबेरा रोगाने कॉफी बसली आणि १८६७ मध्ये जेम्स टेलरने लुलेकंदेरात लावलेल्या चहाला भाव आला.

ताम्रपट

पायवाट, एका गोष्टीवर मतभेद नोंदवतो. राजधान्यांचा क्रम. बहुतेक जण सिगिरिया आधी करतात, मग पोलोन्नरुव, आणि अनुराधपूर 'वेळ उरला तर'. क्रम उलटा करून बघा: अनुराधपूर, सिगिरिया, पोलोन्नरुव. इतिहास याच क्रमाने घडला आहे, आणि प्रत्येक ठिकाण आधीच्या ठिकाणामुळे कळतं.

अनुराधपूर इसवी सनापूर्वी चौथ्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे तेराशेहून अधिक वर्षं राजधानी. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासूनचा महाबोधी इथेच आहे. जेतवनाराम स्तूप मुळात सुमारे १२२ मीटर उंच होता. प्राचीन जगात त्याहून उंच फक्त गिझाचे दोन पिरॅमिड. आणि हे सगळं विटांचं काम. पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की एकेक वीट भाजायला किती लाकूड लागलं असेल हाच विचार आधी येतो.

पाचव्या शतकात धातुसेन राजा अनुराधपुरात होता. त्याने कलावेव तलाव बांधला, आणि तिथून शहराच्या तिस्सवेव तलावात पाणी आणायला सुमारे ८७ किमीचा कालवा, योध एळ, त्याच्याच नावावर सांगतात. पहिल्या २७ किमीत त्याचा उतार दर किलोमीटरला साधारण दहा सेंटिमीटर. आज लेझर लावून काढतात तितका अलगद. याच धातुसेनाला मारून त्याचा मुलगा काश्यप राजा झाला आणि भावाच्या भीतीने सिगिरियाच्या खडकावर गेला (इ.स. ४७७ ते ४९५). हे माहीत असलं की सिगिरियाच्या पायथ्याच्या जलबागा निराळ्याच दिसतात. त्या बापाच्याच विद्येवर बांधलेल्या आहेत. पावसाळ्यात त्यातली काही कारंजी अजूनही उडतात.

म्हणून सिगिरियाला पोचल्यावर थेट पायऱ्या धरू नका. पश्चिम दारातून आत आल्यावर अर्धा तास बागांत घाला. उन्हाची भीती असेल तर आधी चढा आणि उतरल्यावर बागा बघा. वर आरसेभिंतीवर सहाव्या शतकापासूनच्या प्रवाशांनी कोरलेल्या कविता आहेत, विद्वान परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून काढल्या. भिंतीला हात लावायचा नाही.

पोलोन्नरुवचं तिकीट तलावाकाठच्या संग्रहालयात मिळतं. तर संग्रहालय आधी बघून घ्या, तिथे इमारती मुळात कशा असतील याचे नमुने आहेत. मग भाड्याची सायकल. परिसर सपाट आहे आणि झाडं भरपूर, चार-पाच तासांत आरामात होतं. क्रम: राजवाडा, चौक (वटदागे, हटदागे, गल पोत), रन्कोत वेहेर, लंकातिलक, गल विहार, आणि ताकद असेल तर शेवटी तिवंक प्रतिमागृह. गल विहारातली निजलेली मूर्ती सुमारे १४ मीटर लांब आहे. डोक्याखालच्या दगडी उशीवर पडलेली खळगी बघा, कातळाला मऊपणा आणलाय.

चोळांचा संबंधही इथे डोळ्यांनी दिसतो. राजराजाच्या सैन्याने दहाव्या शतकाच्या अखेरीस अनुराधपूर मोडलं आणि चोळांनी पोलोन्नरुवहून कारभार केला. १०७० मध्ये पहिल्या विजयबाहूने त्यांना हटवलं. चौकाच्या उत्तरेला शिव देवाले क्रमांक २ आहे, पूर्ण दगडी, तंजावरकडचं देऊळ उचलून ठेवल्यासारखं. आणखी एक खूण: अनुराधपूरच्या चंद्रशिलांवर, म्हणजे पायरीशी असलेल्या अर्धवर्तुळाकार शिलांवर, हत्ती, घोडा, सिंह आणि बैल कोरलेले असतात. पोलोन्नरुवात बैल गायब आहे. शैव प्रभावाच्या काळानंतर नंदीवर पाय पडू नये म्हणून तो काढला, असं मानतात. दोन्ही शहरांतल्या शिलांचे फोटो काढून शेजारी ठेवा, लगेच कळेल.

पायवाट

ताम्रपट, क्रम मान्य. मुक्काम एकच असल्यामुळे दिवस मागेपुढे करायला काही त्रासही नाही. फक्त सिगिरियाला शनिवार-रविवार आणि पोया टाळून दिवस धरा.

सागरगोटे

पोया म्हणजे?

ताम्रपट

पौर्णिमा. दर पौर्णिमेला देशभर सरकारी सुट्टी असते. दारूविक्री बंद, देवळांत प्रचंड गर्दी, बस-रेल्वे भरलेल्या. तुमच्या तारखांत पौर्णिमा आहे का ते कालनिर्णयात बघूनच कळेल. पोयाला अनुराधपुरात पांढऱ्या कपड्यांतले हजारो भाविक असतात, ते बघण्यासारखं असतं, पण मग त्या दिवशी वेळापत्रकाची घाई नको.

शमीची_पानं

घरातले साठी-पासष्टीचे लोक बरोबर असतील तर सिगिरिया जमतं का? आणि नसेल तर ते तीन तास काय करतात?

पायवाट

गुडघे ठीक असतील तर सिंहपंजांच्या चौथऱ्यापर्यंत बरेच जण जातात. चित्रं आणि आरसेभिंत त्याआधीच येतात. तिथे बसून परत फिरलं तरी मुख्य गोष्टी बघून होतात. शेवटचा लोखंडी जिना अरुंद, उघडा आणि वाऱ्याचा. उंचीची भीती असणाऱ्याने तो करू नये, कारण मध्येच थांबलं तर मागची रांग अडते. न चढणाऱ्यांसाठी पायथ्याच्या बागा, खंदक आणि संग्रहालय आहे.

शेजारचा पिदुरंगल सोपा समजून ज्येष्ठांना तिकडे नेतात, ते करू नका. पायऱ्या कमी आहेत, पण शेवटी मोठ्या धोंड्यांवरून हाताने चढावं लागतं.

अनुराधपुरात वेगळी अडचण. प्रत्येक स्तूपाच्या अंगणात चपला बाहेर काढायच्या, आणि अकरानंतर फरशी पोळते. जाड मोजे चालतात, ते सगळ्यांसाठी न्या. टोपीही काढावी लागते, म्हणून स्तूप सकाळी आणि संग्रहालय दुपारी. आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही. तिथे तो मोठा अपमान आहे, पहारेकरी लगेच हटकतात. अंगावर बुद्धाचं गोंदण असेल तर झाकून ठेवा, त्यावरून लोकांना देशाबाहेर पाठवलंय.

ओलेती_माती

आपल्याकडच्या सुट्ट्या उन्हाळी, दिवाळी आणि नाताळ. यांपैकी कधी जावं?

सह्यपठार

याचं उत्तर 'श्रीलंकेत कधी जावं' असं एका वाक्यात देता येत नाही, कारण पावसाळे दोन आहेत आणि मध्ये डोंगर आहेत. नैऋत्य मोसमी पाऊस साधारण मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत. तो गाल, कोलंबो आणि डोंगराचा पश्चिम उतार भिजवतो. तेव्हा पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमाली आणि अरुगम बे, कोरडा आणि समुद्र शांत. ईशान्य मोसमी साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा बरोबर उलट. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर दोन्हीकडे दुपारनंतर गडगडाटी सरी, आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमारास.

नाताळ: गाल, मिरिस्सा उत्तम. देवमासे बघण्याचा मोसमही डिसेंबर ते एप्रिल. पण दर चढलेले, आणि पोलोन्नरुवकडे पावसाची शक्यता. उत्तरेकडचे दिवस सहलीच्या शेवटी ठेवून काही फरक पडत नाही, छत्री ठेवा.

उन्हाळी सुट्टी: १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष. त्या आठवड्यात दुकानं, खानावळी बंद, चालक गावी गेलेले, आणि नुवारा एलियात कोलंबोकरांची झुंबड. एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य बरा. तेव्हा शेवटचे दोन दिवस गालऐवजी त्रिंकोमालीला द्या: स्वामी रॉकवरचं कोणेश्वरम, निलावेलीचा किनारा, पिजन आयलंड. सिगिरियाहून ते जवळही पडतं, त्यामुळे मार्ग विमानतळ, कँडी, डोंगर, परत खाली, सिगिरिया, त्रिंकोमाली असा फिरवा.

दिवाळी: माझा सल्ला, टाळा. दरडी, जळवा आणि धुकं. अगदीच जायचं तर डोंगर वगळून फक्त राजधान्या करा, सकाळी फिरा, दुपारी आत राहा.

हॉर्टन प्लेन्स या डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: नुवारा एलियाहून पहाटे पाचला निघून दार उघडताच आत जा. फेरी सुमारे ९ किमी, तीन तास. वर्ल्ड्स एन्डचा कडा जवळजवळ ८७० मीटर खोल, पण नऊ-दहा वाजता धुकं भरतं आणि समोर पांढरी भिंत उरते. दाराशी प्लास्टिक तपासतात, बिस्किटांचे पुडे उघडून कागदात बांधायला लावतात, म्हणून खाणं डब्यात न्या. पहाटे थंडी चांगलीच असते, स्वेटर हवाच. आणि सह्याद्रीत फिरणाऱ्यांना तिथली झुडपं, शेवाळ, ओढे ओळखीचे वाटतील: पश्चिम घाट आणि श्रीलंका हे मिळून जैवविविधतेचा एकच प्रदेश धरला जातो.

मृगजळ_७

शाकाहाराचं काय? भातावर भागतं असं सगळे म्हणतात, पण त्यात मासे असतात म्हणे.

सुंठवडा

भागतं, आणि चांगलं भागतं, पण विचारावं लागतं. तिथला रोजचा भात-कालवण म्हणजे भाताभोवती तीन-चार भाज्या: परिप्पु (नारळाच्या दुधातलं मसुरीचं वरण), फणस, भोपळा, बीट, पाल्याचं मल्लुम. अडचण एकच, उंबलकड. हे सुकवलेल्या माशाचे तुकडे असतात. खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे पोल सांबोलात, आणि बऱ्याच भाज्यांत चव म्हणून टाकतात. तिथल्या हिशेबाने त्यामुळे भाजी मांसाहारी होत नाही. म्हणून 'व्हेज' म्हणून थांबू नका. 'मस् माळु नॅतुव' (मांस-मासे नको) आणि 'उंबलकड एपा' (उंबलकड नको) हे दोन्ही म्हणा.

'सैव' किंवा 'शैव' अशी पाटी असलेली तमिळ खानावळ दिसली तर निश्चिंत जा. तिथे मांस-मासे नसतात. कँडी, कोलंबो, मातले, जाफना सगळीकडे सापडतात. पाटीवर 'हॉटेल' लिहिलेलं दिसलं तर ते आपल्याकडच्यासारखंच, राहण्याचं नाही, खाण्याचं.

न्याहारीला आप्पे (हे आपले आप्पे नव्हेत, आंबवलेल्या पिठाचे वाटीसारखे पातळ), इंदिआप्पे म्हणजे वाफवलेल्या शेवयांच्या चकत्या, किंवा किरिबत (नारळाच्या दुधातला भात). मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर कितुल माडाचा काकवीसारखा पाक, हे दक्षिणेकडे रस्त्याकडेला मिळतं. जैनांसाठी मात्र अवघड आहे, कांदा-लसूण सगळ्यात असतो. बरोबर काही न्यावं.

नळाचं पाणी पिऊ नका. केशरी शहाळं, थंबिलि, कुठेही मिळतं.

ताम्रपट

सुंठवड्याच्या शब्दांवरून: सिंहली ही आर्य भाषाकुळातली, त्यामुळे कान लावला तर ओळखीचे शब्द सापडतात. कान म्हणजे कन, दात म्हणजे दत, गाव म्हणजे गम, आठ म्हणजे अट, दहा म्हणजे दहय. पाट्यांवर '-गम' शेवट दिसला की ते गाव, '-वेव' दिसला की तलाव. नकाशा वाचायला फार उपयोग होतो.

कडेलोट_नको

गाडी-चालक ठरवताना काय विचारावं, बस किती भरवशाच्या?

पायवाट

चालकासह गाडीचा दर दिवसावर असतो. लेखी संदेशात या गोष्टी पक्क्या करा: रोजचे किती किमी धरलेत आणि वरच्या किमीचा दर, इंधन, द्रुतगती मार्गाचा टोल, वाहनतळ, चालकाचं जेवण-राहणं कुणाकडे, आणि शेवटी चालक परत आपल्या गावी जाण्याचे रिकामे किमी. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि वाद तिथेच होतो. हॉटेल घेताना चालकासाठी खोली आहे का तेही विचारा. रत्नांची दुकानं आणि मसाल्यांच्या बागा नकोत हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा.

स्वतः चालवायचं असेल तर भारतातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना एकटा पुरत नाही, स्थानिक मान्यता घ्यावी लागते. त्याशिवाय भाड्याची स्कूटर घेतलीत आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो.

बस स्वस्त आणि सतत. लाल त्या सरकारी, इतर रंगांच्या खासगी. एकटे आणि हलक्या सामानाचे असाल तर उत्तम, कुटुंब असेल तर नाही, सामान ठेवायला जागा नसते. शहरात पिकमी ॲपवरून रिक्षा बोलवा, भाव आधीच दिसतो.

इंजिनघर

एल्ला ते गाल रस्त्याने येताना वेल्लवायाजवळ बुदुरुवगल चुकवू नका. उभ्या कातळात सात मूर्ती कोरल्यात, मधला बुद्ध सुमारे १५ मीटर, महायान काळातला. मुख्य रस्त्यापासून थोडंच आत आहे, पाऊण तास पुरतो.

सागरगोटे

गालला दोन रात्री जास्त नाहीत का?

सह्यपठार

किल्ला चालत बघायचा असेल तर एक संध्याकाळ आणि एक सकाळ लागतेच. १५८८ मध्ये पोर्तुगीजांनी सुरुवात केली, १६४० मध्ये डचांनी घेतला आणि आजचे बुरूज मुख्यतः त्यांचे. आपल्याकडच्या किल्ल्यांशी फरक असा की आत आजही लोक राहतात, शाळा आणि मशीद चालू आहे. डचांनी गटारं भरती-ओहोटीच्या पाण्याने धुतली जातील अशी बांधली. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचं शहर उद्ध्वस्त झालं, तटाआतलं बरंचसं वाचलं. तटावरून फेरी दीड तासाची, सूर्यास्ताआधी तासभर सुरू करा. दुसऱ्या दिवशी समुद्र, नाहीतर उडवलवेचे हत्ती. हत्ती तिथे बारा महिने दिसतात. यालाचं मुख्य क्षेत्र साधारण सप्टेंबरपासून महिना-दीड महिना बंद ठेवतात, म्हणून तारखा बघूनच ठरवा.

गालहून कोलंबो द्रुतगती मार्गाने दीड-दोन तास, पण विमानतळ कोलंबोच्या पलीकडे आहे. शहर ओलांडायचा वेळ धरून विमानाच्या सहा तास आधी गाल सोडा. पहाटेचं विमान असेल तर शेवटची रात्र परत नेगोंबोत.

ओलेती_माती

व्हिसा, पैसे, प्लग हे राहिलं.

पायवाट

ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, निघण्याआधी ऑनलाइन काढा. भारतीयांसाठीचं शुल्क धोरण वेळोवेळी बदलतं, म्हणून तिकीट काढल्यावर बघा आणि निघायच्या आठवड्यात परत बघा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्त पैसे घेतात, शासनाच्या पत्त्याची खात्री करूनच कार्ड क्रमांक भरा.

एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये धरा. विमानतळावर थोडे बदलून घ्या, सिमही तिथेच. लहान खानावळी, रिक्षा, देवळांचं वाहनतळ सगळं रोखीत, आणि पाच हजाराची नोट सुटी करून ठेवा. नव्या हॉटेलांत चौकोनी तीन पिनांचा प्लग असतो, जुन्या घरांत आपला गोल पिनांचाही चालतो. एक अडॅप्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड नेला की पुरतं. घड्याळ बदलायचं नाही, वेळ आपलीच आहे.

डासांसाठी मलम न्या, डेंगी तिकडेही आहे. जळवांसाठी मीठ किंवा साबण पुरे, जळू ओढून काढू नका, तोंड आत राहतं.

कडेलोट_नको

जाफना कुणी वेगळं करायचं म्हटलं तर?

इंजिनघर

मग ती वेगळी सहल, निदान पाच रात्रींची. कोलंबोहून जाफन्याची रेल्वे अनुराधपूरवरूनच जाते, तर तिथे उतरून दोन रात्री राहा, विल्पत्तु अभयारण्यही तिथून जवळ. मग पुढची गाडी. जाफन्यात नल्लूरचं कंदस्वामी देऊळ (पुरुषांना आत सदरा काढावा लागतो), डच किल्ला, १९८१ मध्ये जाळलं गेलेलं आणि पुन्हा उभारलेलं ग्रंथालय, आणि बोटीने नैनातीवु. नैनातीवुला एकाच बेटावर नागपूषणी अम्मनचं देऊळ आणि बौद्ध विहार आहे. कुरिकट्टुवान धक्क्यावरून बोट मिळते, सकाळी लवकर जा आणि परतीची शेवटची बोट किती वाजता ते उतरतानाच विचारून घ्या.